शेंदूरजनाघाटचं मिग आणि पोटावरचं ठिगळ

अकोल्याहून शेंदूरजनाघाटला लोक संत्र्याची कलमं आणायला जातात. आम्ही तिघं एका विमानाचं पोट बघायला गेलो. जाऊन-येऊन चारशे किलोमीटर पडतं, पेट्रोल साधारण सव्वीसशेचं लागतं, आणि घरून निघताना "कुठं चाललात?" या प्रश्नाला पटेल असं उत्तर देता येत नाही. बायकोला मी "ग्रुपचं काम आहे" म्हटलं. तिनं डबा दिला नाही.

ग्रुपबद्दल आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. व्हॉट्सॲपवर आमचा अकरा जणांचा ग्रुप आहे. सगळे अकोला-अमरावतीकडचे आणि सगळे लढाऊ विमानांच्या नादी लागलेले. सुखोई भारी की राफेल, कुणाचं क्षेपणास्त्र किती लांबून मारतं, शेजाऱ्यांनी चिन्यांकडून घेतलेल्या विमानाचा रडार जाहिरातीइतका चांगला आहे का, यावर रोज सकाळी साडेसहाला भांडण सुरू होतं. आमच्यातल्या चौघांनी अजून साध्या विमानातही पाय ठेवलेला नाही. मी अकोल्यात चष्म्याचं दुकान चालवतो आणि सुखोईच्या बाजूनं आहे. अमरावतीची वैशाली कृषी केंद्र चालवते आणि राफेलच्या बाजूनं आहे. बियाणं न्यायला आलेल्या शेतकऱ्यालाही ती राफेलबद्दल सांगते, असा तिच्यावर आरोप आहे. तिनं तो नाकारलेला नाही.

या अकरा जणांत लढाऊ विमानाला हात लावलेला माणूस एकच, मूर्तिजापूरचे जमीलचाचा. वायुसेनेत ते विमानाच्या अंगावरचा पत्रा दुरुस्त करायचे. सार्जंट म्हणून निवृत्त झाले आणि गावी येऊन वडिलांच्या दुकानात बसले. तिथं ते पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या करतात. माझ्या दुकानातही त्यांनी केलेली एक पेटी आहे, नऊ वर्षांपासून. कुणी न्यायला न आलेले चष्मे मी तिच्यात ठेवतो. ग्रुपवर चाचा फारसं बोलत नसत. सुखोईवाल्यांना अंगठा द्यायचे आणि दोन मिनिटांनी राफेलवाल्यांनाही द्यायचे.

मागच्या सप्टेंबरात मिग-२१ वायुसेनेतून निवृत्त झालं. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी सुतक होतं, सकाळी भांडणसुद्धा झालं नाही. त्या संध्याकाळी चाचांनी पहिल्यांदा लांबलचक मेसेज लिहिला. शेंदूरजनाघाटच्या एका शाळेच्या आवारात खांबावर जे मिग उभं केलंय, ते माझ्या हाताखालून गेलेलं आहे, असं त्यात होतं. त्याच्या पोटाला मी ठिगळ लावलं होतं. वरुडला लग्नाला गेलो तेव्हा पाहिलं, ते नुकतंच तिथं आणलं होतं, आणि शेपटीवर तोच क्रमांक होता, शेवटी सत्तेचाळीस.

मी काय केलं ते आता सांगतो. मी त्या शाळेतल्या विमानाचा फोटो इंटरनेटवरून शोधला, मोठा केला, आणि शेपटीवरच्या आकड्याभोवती लाल गोल काढला. शेवटी ब्याऐंशी होते. आम्हा लोकांत शेपटीवरचा क्रमांक म्हणजे विमानाचं आधार कार्ड. कुठलं विमान कुठल्या तळावर होतं याच्या याद्या आमच्यापैकी प्रत्येकाकडे असतात. त्या यादीप्रमाणे ब्याऐंशी कधीही चाचांच्या तळावर नव्हतं. मी लाल बाण काढले, तक्ता जोडला, आणि खाली लिहिलं, "चाचा, वयामुळे गल्लत होते. हा क्रमांक मी आधीही पाहिलेला आहे, खात्रीनं सांगतो." सात जणांनी अंगठे दिले. चाचांनी "ठीक आहे" लिहिलं. त्याच्या खाली दुसरी ओळ आली, की जमीलचाचांनी ग्रुप सोडला आहे.

त्यानंतर चार महिने ते बोलले नाहीत. त्यांचा नवा चष्मा माझ्याकडे तयार होता, तोही न्यायला आले नाहीत. मी तो त्यांच्याच पेटीत ठेवला.

जानेवारीत वैशालीचा फोन आला. तिचं म्हणणं साधं होतं, प्रत्यक्ष जाऊन पाहू या. "ठिगळ अशीन तं दिसन. नसन तं नाई दिसनार," ती म्हणाली. "पन चाचाले घेऊन ये. त्यायच्याबिगर मी येत नाई." मी लगेच हो म्हटलं. खरं कारण लिहून टाकतो, ब्लॉग माझाच आहे. मला माफी मागायची नव्हती. मला बरोबर ठरायचं होतं, आणि त्यानंतर मोठ्या मनानं वागायचं होतं.

रविवारी सकाळी साडेसहाला निघालो. अकोला ते अमरावती हा महामार्ग म्हणजे विक्रमी वेगात अंथरला म्हणून बातम्यांत आलेला रस्ता. त्यावर गाडी चालवताना आपणही काहीतरी विक्रमी करावं असं वाटतं. मी ताशी सत्तरनं गेलो. दोन्ही बाजूंना तुरी कापणीला आल्या होत्या, हरभऱ्यावर दव होतं. थंडी एवढी की काच खाली करायची इच्छा होत नव्हती. टोलवर फास्टॅग लागतो, सुट्ट्या पैशांची चर्चा करायला तिथं कुणी थांबत नाही.

मूर्तिजापूरला चाचांच्या घरी पोचलो तेव्हा ते अंगणात पत्रा वाकवत होते. रविवारी, सकाळी साडेसातला. मी चष्मा पुढे केला. त्यांनी तो घातला, पेपर जवळ धरला, लांब धरला, समोरच्या गल्लीच्या टोकाला पाहिलं आणि "बराबर हाये" म्हणाले. मग पुन्हा पत्रा वाकवायला लागले. मी शेंदूरजनाघाटचं बोललो. त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. तेव्हा आतून चाची चहा घेऊन आल्या.

"ले जाओ इनको," त्या मला म्हणाल्या. "चार महीने से कोठ्या ठोक के रख रहे. गिऱ्हाईक एक नहीं, कोठ्या ग्यारा हो गई. मैं सोऊं किदर?"

चाचांनी हातोडी ठेवली, स्वेटर घातला, खुंटीवरची बॅटरी घेतली आणि गाडीत मागच्या सीटवर बसले. पुढची रिकामी होती.

मूर्तिजापूरच्या स्टेशनकडे शकुंतला या छोट्या रेल्वेचे बंद पडलेले रूळ आहेत, ते दाखवून मी विषय काढायचा प्रयत्न केला. चाचा मूर्तिजापूरचेच असल्यामुळे त्यांना ते माहीत होते.

अमरावतीत गिला वडा खायलाच हवा. दह्यातला वडा, वरून तिखट, सकाळी सकाळी पोटाला काय म्हणेल याची काळजी न करता खायचा. आलूबोंडा-रस्सा त्याच गाडीवर मिळतो, तिघांचं दोनशे रुपयांत भागतं. वैशाली आधीच प्लेट घेऊन उभी होती. अमरावतीच्या बेलोऱ्याहून आता मुंबईला विमान जातं, तेव्हापासून ती आम्हा अकोलेकरांशी जरा वरून बोलते. मी म्हटलं, पंख्याचं विमान आहे ते. ती म्हणाली, तुमच्या शिवणीला पंखा तरी आहे का? अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून प्रवासी विमानच जात नाही. चाचा हसले, पण तिच्याकडे बघून.

मोर्शीच्या रस्त्याला लागलो तसं वैशालीनं राफेल सुरू केलं. मी सुखोई काढलं. इंजिनांचा जोर, इंधन, किती क्षेपणास्त्रं टांगता येतात, रडारवर कोण किती लहान दिसतं. हे आम्ही तोंडपाठ बोलतो, वाद घालताना आवाजही चढत नाही. वीस-पंचवीस किलोमीटर झाले असतील. मागून चाचांचा त्या दिवसातला पहिला प्रश्न आला.

"इंजन काढाले किती वेळ लागते?"

 आमच्या तक्त्यात हा रकाना नाही.

मग चाचा बोलायला लागले, वैशालीशी. मिगचं इंजिन काढायचं तर शेपटीकडचा अख्खा भाग सोडवून मागे ओढावा लागायचा. राजस्थानातल्या उन्हात पत्रा इतका तापायचा की उघडा हात टेकला तर कातडी चिकटायची. वैमानिक उतरला की पहिल्यांदा शिडीला हात लावतो, आणि त्याच्या हातावरून आम्हाला कळायचं की आज वर काय झालं. मी आरशातून पाहत होतो. सहा वर्षं हा माणूस आमच्या ग्रुपवर होता. मी त्याला कधी एकही प्रश्न विचारला नव्हता. मला वाईट वाटलं, पण अजून फार नाही, कारण ब्याऐंशी माझ्या बाजूनं होते.

वरुडच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. तुरीच्या सोल्यांची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा. निघताना चाचींनी दिलेल्या डब्यात खिमा होता. वैशाली रविवारी मटण खात नाही, माझ्याकडे डबाच नव्हता. चाचांनी डब्याचं झाकण उलटं करून माझ्यासमोर अर्धा खिमा ठेवला. मी खाल्ला. चांगला होता.

वरुड सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा सुरू होतात आणि समोर सातपुडा दिसायला लागतो. शेंदूरजनाघाटला तर कलमांच्या रोपवाटिकाच रोपवाटिका. तुम्ही गेलात तर रविवारी दुपारी बारानंतर जाऊ नका, चौकात ट्रकांमुळे अर्धा तास जातो. आमचा गेला. शाळा गावाबाहेर आहे. फाटकातून आत वळलो आणि विमान दिसलं.

सांगायला संकोच वाटतो, पण माझे डोळे भरून आले. मी विमानांवर इतकी वर्षं बोलतो आणि मिग इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. खांबावर तिरपं, नाक सातपुड्याकडे. लहान असतं ते. फोटोंत कळत नाही. त्याला चंदेरी रंग दिला होता, शाळेच्या पाण्याच्या टाकीलाही तोच. शेपटीवर काळ्या ठळक आकड्यांत क्रमांक, शेवटी ब्याऐंशी. मी फक्त बोट दाखवलं. चाचांनी शेपटीकडे पाहिलंही नाही, ते सरळ पोटाखाली जाऊन उभे राहिले.

चौकीदार गुणवंतभाऊ जेवत होते. हात धुऊन आले. शिडी मिळेल का विचारलं तर म्हणाले, संत्री तोडायची घोडी आहे, चालेल का? चालेल म्हटलं. घोडी त्यांच्या खोलीमागे होती. ती आणायला मी त्यांच्यासोबत खोलीपर्यंत गेलो, आणि आत भिंतीवर माझं नाव दिसलं.

ते कॅलेंडर होतं. पाच वर्षांपूर्वी मी दुकानाच्या जाहिरातीसाठी दोनशे कॅलेंडरं छापली होती, वर मिग-२१ चा मोठा फोटो, खाली दुकानाचं आणि माझं नाव. त्यातली पन्नासेक वैशालीनं तिच्या गिऱ्हाइकांना वाटली होती, वरुडपर्यंत. इथल्या कॅलेंडरच्या तारखा कुणीतरी फाडून नेल्या होत्या, विमान ठेवलं होतं. फोटोतल्या मिगच्या शेपटीवर क्रमांक होता. शेवटी ब्याऐंशी.

मी गुणवंतभाऊंना विचारलं, विमान कधी रंगवलं? उत्तर अपेक्षेपेक्षा सविस्तर आलं.

"चार वर्स झाले. पयला रंग उन्हानं गेला होता, आकडे तं दिसतच नोते. पेंटर म्हने, आकडा काय टाकू? हेडसर सुट्टीवर. म्या म्हटलं, हे पाय, इथं फोटोच हाये, डिट्टो काढ. त्यानं डिट्टो काढला." मी कॅलेंडरखालच्या नावावर बोट ठेवलं, तसं ते म्हणाले, "अकोल्याचे चष्मेवाले तुमीच काय? लय कामाचं कॅलेंडर हाये बावा."

म्हणजे 'हा क्रमांक मी आधीही पाहिलेला आहे' हे मी खरंच लिहिलं होतं. पाहिला होता. मीच छापला होता. माझ्याच कॅलेंडरवरून तो शेपटीवर गेला, शेपटीवरून फोटोत आला, फोटोतून मी त्याच्याभोवती लाल गोल काढला, आणि त्याच्या जोरावर बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सगळ्यांदेखत वयाची आठवण करून दिली.

मी घोडी खांद्यावर घेतली आणि बाहेर आणून विमानाच्या पोटाखाली उभी केली. वैशालीला बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "चाचाले तू सांगजो. मी नाई."

पण चाचा तोवर घोडीवर चढले होते. वैशालीनं आणि गुणवंतभाऊंनी घोडी धरली. चाचा एका हातानं बॅटरी मारत होते, दुसऱ्यानं पोटाचा पत्रा चाचपत होते. रंगाचे थर जाड होते. थोडं इकडे, थोडं तिकडे. मग थांबले. "दिसून नाई राह्यलं," ते म्हणाले. आवाज बदलला होता. सकाळपासून मी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, आता ते घाबरलेले दिसले. कदाचित खरंच वय झालं, असं त्यांनाही वाटायला लागलं असावं. ते मला बघवेना.

आणि दिवसभरात पहिल्यांदा मला माझ्या धंद्याची गोष्ट सुचली. त्यांचा चष्मा बायफोकल. जवळचं दिसायचं भिंग खालच्या बाजूला असतं, कारण माणूस जवळचं वाचतो ते खाली बघून. डोक्यावरचं जवळचं बघायचं असेल तर ते भिंग नेमकं नको तिथं येतं.

"चाचा," मी म्हटलं, "चष्मा उलटा घाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला, वरची बाजू खाली केली, कसाबसा नाकावर बसवला, दांड्या कानांच्या वर तरंगत होत्या. पुन्हा वर पाहिलं. बॅटरी हळूहळू सरकली आणि एका जागी थांबली.

"हे पाय," ते म्हणाले.

ते खाली आले, मी वर चढलो. वहीच्या पानाएवढा चौकोन रंगाखाली उमटलेला होता, कडेनं रिबिटांची, म्हणजे पत्रा जोडायच्या बारीक खिळ्यांची ओळ, सगळ्या सारख्या अंतरावर. फक्त खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन रिबिटा जवळजवळ होत्या. मी त्यावर बोट फिरवलं. खालून चाचा सांगत होते, गाडीत बोलत होते तशाच शांत आवाजात. पक्षी धडकून पत्रा फाटला होता. कोपऱ्यात एक रिबीट जास्त मारायची त्यांच्या वडिलांची सवय, कारण पेटी पडली की त्या कोपऱ्यावर पडते. पोटाच्या त्या जागेला त्याची गरज नव्हती, नकाशातही नव्हती. हात आपोआप गेला. वरिष्ठानं विचारलं, हे काय? काढायची तर भोक मोठं होणार, म्हणून ती राहिली आणि चाचांनी दोन दिवस हँगर झाडला.

"आकडा पेंटरचा अशीन," ते म्हणाले. "रिबीट माही हाये."

मी घोडीवरूनच कॅलेंडरचं सांगितलं. वरून सांगणं सोपं गेलं, कारण त्यांचं तोंड दिसत नव्हतं. "चाचा, चूक माझी होती, आणि मी ती सगळ्यांसमोर केली. माफ करा."  मग गुणवंतभाऊंनी विचारलं, काय झालं? वैशालीनं त्यांना सगळं सांगितलं, आणि ते इतके हसले की घोडी हलली. चाचांनी ती दोन्ही हातांनी धरली.

निघण्याआधी चाचा पुन्हा एकदा पोटाखाली गेले. हात पुरत नव्हता. त्यांनी खांबावर तळहात ठेवला, थोडा वेळ, आणि मग गाडीकडे आले. पुढच्या सीटवर बसले. परतीला वरुडमध्ये प्रत्येकी पाच किलो संत्री घेतली. मोर्शीपर्यंत वैशाली मागून राफेल, राफेल करत होती. चाचा म्हणाले, राफेलचा पत्रा पत्राच नसतो, बराचसा दुसऱ्याच कशाचा तरी असतो, रिबीट मारायची कुठे? ही त्यांची त्या विमानाबद्दलची एकमेव तक्रार होती. वैशालीला अमरावतीत आणि त्यांना मूर्तिजापूरला सोडलं. चाचींनी दारातून विचारलं, मिला क्या? ते "मिला" म्हणाले आणि आत गेले.

कुणाला जायचं असेल तर चौकीदाराला आधी विचारा, घोडी देतात. शेपटीवरचा क्रमांक अजून ब्याऐंशीच आहे. शाळेला मी पत्र लिहिलंय.

सोमवारी दुकान उघडलं. मी नेहमी गिऱ्हाईक नसताना काउंटरमागे बसतो, पाय समोरच्या चाचांच्या पेटीवर ठेवतो आणि ग्रुपवर लिहितो. सप्टेंबरचा तो मेसेजही तसाच लिहिला होता. त्या दिवशी पाय ठेवायच्या आधी मी खाली वाकलो. पेटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन रिबिटा जवळजवळ होत्या. नऊ वर्षं मी त्याच पेटीवर टाचा टेकून विमानं ओळखत होतो.

मी पेटीच्या कोपऱ्याचा फोटो काढला. वैशालीनं काढलेला पोटाचा फोटो शेजारी ठेवला. लाल गोल काढले, लाल बाण काढले, त्याच जाडीचे. कॅलेंडरची गोष्ट पूर्ण लिहिली, माझं नाव घालून. वैशालीनं चाचांना ग्रुपात परत घेतलं, मग मी ते पाठवलं. नऊ जणांनी अंगठे दिले. दुपारभर चाचांचं काही नव्हतं. साडेचारला आलं.

"ठीक आहे."

मी सप्टेंबरसारख्या खालच्या दुसऱ्या ओळीची वाट बघत बसलो. एक मुलगी चष्म्याची दांडी बदलून घेऊन गेली, एक आजोबा नंबर तपासून गेले. दुकान बंद करेपर्यंत ती ओळ आली नव्हती.